दिलशादच्या नावावर खपवलेलं खोटं

पत्र गावच्या पत्त्यावर आलं होतं. परदेशी तिकीट बघून आबांनी, माझ्या वडलांनी, ते फोडलं नाही. दोन दिवस कोनाड्यात ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी ओळखीच्या एसटी कंडक्टरकडं देऊन साताऱ्याला धाडून दिलं. आमच्याकडं डबा, औषध, निरोप, सगळं असंच येतं-जातं. मी स्टँडवर जाऊन ते घेतलं आणि तिथंच उभ्या उभ्या वाचलं. इंग्रजीत चार ओळी. दिलशाद गेला. डोंगरात, आपल्याच लोकांच्या आपसातल्या लढाईत. गोळी कुणाची ते कळलेलं नाही. आणि शेवटची ओळ अशी, की तू त्याचा सगळ्यात जवळचा मित्र होतास म्हणून कळवतोय. खाली सही हेमिनची, सांगलीला आमच्याबरोबर शिकलेल्या त्याच्या देशबांधवाची. ती शेवटची ओळ वाचली आणि खरं सांगतो, मला रडू आलं नाही, आधी लाज वाटली. रडू दोन दिवसांनी आलं, भलत्याच वेळी, ऑफिसात कालव्याच्या नकाशावर वाकलेलो असताना. शेजारच्या टेबलावरच्या जोशींनी विचारलं, डोळ्यात काही गेलं का. मी म्हणालो, हो.

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलं लिहायची आपल्यात रीत आहे. दिलशादबद्दल चांगलं लिहायला मला काही अडचण नाही. अडचण माझ्याबद्दल आहे. पण ती टाळून लिहिलं तर या लेखाला काही अर्थ उरणार नाही, आणि पुन्हा एकदा मी त्याच्याच जिवावर मोकळा होईन.

दिलशाद कुर्द होता. सांगलीच्या विश्रामबागेत आम्ही इंजिनिअरिंगला एका वर्गात. त्या काळात सांगलीत इराक-इराणकडची बरीच मुलं शिकायला असायची आणि आम्ही सगळ्यांना सरसकट 'इराणी' म्हणायचो. मेसमध्ये पहिल्या आठवड्यात मीही त्याला तसंच म्हणालो, तर त्यानं ताट बाजूला सारलं आणि भाकरीचे चार तुकडे करून पाटावर मांडले. हा इराक, हा इराण, हा तुर्कस्तान, हा सीरिया. मग चारही तुकडे एकमेकांना चिकटवून मधल्या भागावर बोट ठेवलं. हे आम्ही. डोंगर आमचे, माणसं आमची, रेघा दुसऱ्यांच्या. एवढं सांगून झाल्यावर त्यानं ते चारही तुकडे ठेच्याला लावून खाल्ले आणि डोळ्यातनं पाणी काढत हसला.

मराठी त्याला मी शिकवली. सांगलीची शहरी पोरं माझ्या बोलण्याला हसायची. कृष्णाकाठच्या खेड्यातला मी, 'आमी', 'न्हाई', 'लय' असंच बोलायचो. मला वाटलं, आपल्यासारखं बोलणारा अजून एक झाला तर बरं. म्हणून मुद्दाम त्याला गावठी शिकवली. कॉलेजच्या कचेरीत तो बेधडक सांगायचा, 'आमी कुर्द हाय, इराणी न्हाई.' कारकून हसायचे, मग काम करून द्यायचे. मला तो 'गड्या' म्हणायचा. माझं नाव त्याला येत नव्हतं असं नाही, पण हा शब्द त्याला आवडला होता.

सुट्टीला तो आमच्या गावी यायचा. आबा दुसऱ्या महायुद्धात फौजेत होते, इराकात दोन वर्षं काढलेली. पहिल्याच भेटीत त्यांनी मोठ्या अभिमानानं त्याचं अरबीत स्वागत केलं. दिलशादनं वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, 'आबा, ही सरकारची भाषा. आमची न्हवं.' आबा आधी वरमले, मग त्यांना हसू फुटलं. म्हणाले, दोन वर्षं राहून मला एवढंबी कळलं न्हाई बघ. त्या दिवसापासून दोघांचं गूळपीठ जमलं. संध्याकाळी दोघं ओट्यावर बसायचे आणि आबा त्याला गावातल्या भावकीच्या भांडणांच्या गोष्टी सांगायचे. आबा पंचक्रोशीत त्यासाठीच प्रसिद्ध होते. बांध, विहिरीची पाळी, देवाचा मान, कशावरनंही दोन घरं फुटली की माणसं आबांना बोलवायला यायची.

मग पंच्याहत्तरचा वसंत आला. इराण आणि इराकच्या राज्यकर्त्यांनी आपसात हात मिळवले आणि इतकी वर्षं चाललेला कुर्दांचा लढा काही दिवसांत कोसळला. इराणच्या मदतीवर चाललेली गोष्ट, त्यानं हात काढून घेतला तसा खेळ संपला. सांगलीत तेव्हा सहा कुर्द मुलं होती, विश्रामबागेत एका घराच्या माडीवर राहायची, एकत्र स्वयंपाक करायची. रेडिओभोवती ती सहा डोकी कशी बसलेली असायची ते मी पाहिलं आहे.  आणि महिन्या-दोन महिन्यांत त्या माडीवर दोन स्टोव्ह झाले. आपल्याकडं भाऊ वेगळे झाले की आधी चूल वेगळी होते. तिथंही तेच झालं.

एका स्टोव्हचा म्होरक्या हेमिन. त्याचे वडील जुन्या पुढाऱ्यांबरोबर सरहद्द ओलांडून गेले होते. त्याचं म्हणणं, हरलो तरी नेतृत्व तेच, त्याच झेंड्याखाली पुन्हा उभं राहायचं. दुसऱ्या स्टोव्हचा सरबस्त. त्याचा थोरला भाऊ डोंगरात मागं राहिला आणि मारला गेला. त्याचं म्हणणं, ज्यांनी परक्यांवर विसंबून पोरांना वाऱ्यावर सोडलं त्यांच्या मागं आता जायचं नाही, नवा पक्ष काढायचा. सरबस्त एकदा भर मेसमध्ये हेमिनच्या वडलांना पळपुटा म्हणाला. हेमिन त्याच्या भावाबद्दल असं काही बोलला, की ते मी इथं लिहीत नाही. लहानपणापासूनचे मित्र हे दोघं, एका गावचे.

दिलशाद दोन्हीकडं जेवायचा. दोन्हीकडच्यांना ते खुपायचं, तरी जेवायचा. त्याचं म्हणणं मला त्यानं एकदा आयर्विन पुलावर उभं राहून सांगितलं होतं आणि ते माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. 'गड्या, एक चूल नको म्हणत असतील तर नको. पण एकाच्या चुलीत दुसऱ्यानं पाणी ओतू नये, एवढंच बघायचं. आज हे ताटावरनं भांडतात. उद्या डोंगरात बंदुका घेऊन भांडतील. सरकारला मग काही करायलाच नको.' त्यानं एक कागद तयार केला होता, अर्ध्या पानाचा. मतं वेगळी असोत, पक्ष वेगळे असोत, पण कुर्दानं कुर्दावर हत्यार उचलायचं नाही. त्यावर हेमिन आणि सरबस्त दोघांच्या सह्या हव्या होत्या. दोघांचीही आपापल्या बाजूच्या पुढाऱ्यांपर्यंत घरची ओळख होती. इथं सह्या झाल्या की पुण्यातली मुलं करणार होती, मग युरोपातली. सुरुवात सांगलीत व्हायची होती... आज लिहिताना हसू येईल असं वाटतं, पण येत नाही.

पाच-सहा महिने तो दोघांच्या मागं होता. शेवटी दोघं भेटायला तयार झाले. आणीबाणीचे दिवस, परदेशी मुलं कुठं जमली की पोलीस चौकशीला यायचे. म्हणून ठरलं, की आमच्या गावी, आमच्या घरी, एका रविवारी जेवायला यायचं. आबांना तर आनंदच. त्या आठवड्यात दिलशादला पुण्याच्या मुलांशी बोलायला जायचं होतं. निघताना मला म्हणाला, दोघांना फक्त दिवस आणि वेळ सांग, बाकी काही बोलू नको. 'लय नाजूक काम हाय गड्या.' मी म्हणालो, काळजी करू नको, मी आबांचा पोरगा आहे.

तिथंच माशी शिंकली. आबांची एक युक्ती मी लहानपणापासून बघत आलो होतो. दोन भाऊ रुसले की आबा थोरल्याकडं जाऊन सांगायचे, धाकटा परवा माझ्यापाशी रडला, म्हणाला चुकलं माझं. मग धाकट्याकडं जाऊन सांगायचे, थोरला म्हणतोय मीच मोठेपणानं घ्यायला हवं होतं. दोघंही तसं काही म्हणालेले नसायचे. पण आपल्यापेक्षा समोरचा आधी नमला असं दोघांनाही वाटायचं, एका पंगतीला बसायचे, गूळ-खोबरं हातावर पडायचं आणि मागचं कुणी उकरायचं नाही. गावातल्या निम्म्या दिलजमाया या खोट्यावर उभ्या आहेत आणि ते सगळ्यांना मनातनं ठाऊकही आहे.

मी हेमिनकडं गेलो तेव्हा तो म्हणाला, येईन, पण मला काही आशा नाही. त्याचा पडलेला चेहरा बघून माझी जीभ वळवळली. मी म्हणालो, अरे, सरबस्त दिलशादपाशी बोललाय, तुझ्या वडलांना बोललो ते चुकलं म्हणून. तुझ्यासमोर बोलून दाखवणार आहे. दिलशादनंच मला सांगितलं. मग सरबस्तकडं गेलो. त्याला सांगितलं, तुझ्या भावाला मागं सोडून यायला नको होतं हे हेमिनला मान्य आहे. तो रविवारी तसं म्हणणार आहे. दिलशादनं सांगितलंय. सरबस्तनं स्टोव्ह पेटवला. मला चहा करून पाजला. परत येताना मी सायकलवर शीळ घालत होतो. मला वाटलं, काम फत्ते. दिलशाद पुण्याहून रविवारी सकाळी परस्पर गावीच आला. त्याला मी यातलं अवाक्षर सांगितलं नाही. जेवणानंतर चकित करू म्हटलं.

आबांनी बकरं पाडलं होतं. आमच्याकडं बकरं मुलाण्यानंच कापायचं असा रिवाज, त्यामुळं पाहुण्यांच्या धर्माचाही प्रश्न आला नाही. आईनं पहाटेपासून भाकऱ्या थापल्या. सहाही मुलं आली. आबांनी हेमिन आणि सरबस्तला शेजारी शेजारी बसवलं, मध्ये गूळ-खोबऱ्याची वाटी ठेवली. मी वाढत होतो. दोघंही एकमेकांशी फार सौजन्यानं वागत होते, पाणी पुढं करत होते. आणि वाट बघत होते. भाकरी संपत आली तरी कुणी काही बोलेना. शेवटी हेमिन इंग्रजीत म्हणाला, तू मला काहीतरी सांगणार होतास ना. सरबस्त म्हणाला, मी? तूच सांगणार होतास, माझ्या भावाबद्दल. मग ते त्यांच्या भाषेत बोलू लागले, आधी हळू, मग चढत्या आवाजात, आणि एकदम दोघंही थांबून दिलशादकडं वळले. हेमिननं पुन्हा इंग्रजीतच विचारलं, बहुधा मला कळावं म्हणून.

'तू असं सांगितलंस? याच्या नावानं मला आणि माझ्या नावानं याला?'

दिलशादला आधी काही उमजलं नाही. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. माझ्या हातात रश्श्याचं पातेलं होतं. मी पातेल्यात पाहिलं. पळीनं ढवळत राहिलो, जणू तळाला काही लागलंय... दोन शब्द बोलायचे होते. 'मी सांगितलं.' एवढेच. पण आबा समोर होते, आई दारात उभी होती, 'मी आबांचा पोरगा' म्हणून मारलेल्या माझ्या बढाया सगळ्यांनी ऐकलेल्या होत्या. मी बोललो नाही. आणि दिलशाद शांतपणे म्हणाला, 'हो. मी सांगितलं.'

सरबस्त ताटावरनं उठला. आमच्याकडं भरल्या ताटावरनं उठणं म्हणजे काय ते मी सांगायला नको. हेमिननं मात्र पुरं जेवण केलं, आबांना नमस्कार केला, आणि जाताना दिलशादच्या खिशातला तो अर्ध्या पानाचा कागद मागून घेऊन त्याच्यासमोर चार तुकडे केले. आबांना इंग्रजी कळत नव्हती. त्यांनी मला विचारलं, काय बिनसलं रं? मी म्हणालो, त्यांचं आपसातलं हाय.

त्यानंतर सांगलीत दिलशादला दोन्हीकडं जेवण बंद झालं. माडी सोडून तो एका खोलीत एकटा राहू लागला. गोष्ट कॉलेजात पसरली. 'दोन्हीकडं गोड बोलून लावालावी करणारा' म्हणून मेसवाल्यापासून सगळे त्याला ओळखू लागले आणि कुणी तसं बोललं की मी चहाचा कप तोंडाला लावायचो. दिलशादला मी एकदाच विचारलं, तू का घेतलंस अंगावर? तो म्हणाला, तुझ्या बापाच्या घरात, तुझ्या आईची भाकरी हातात धरून तुझी लाज काढू होय? आमच्यात असं करत न्हाईत. रागानं म्हणाला नाही. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

शेवटची भेट झाली ती पुढच्या उन्हाळ्यात, परीक्षा झाल्यावर. तो मुंबईहून विमानानं घरी जाणार होता. त्याच्याबरोबर मी कऱ्हाडपर्यंत निघालो. मलकापूरच्या अलीकडं गाडी पंक्चर झाली आणि आम्ही रस्त्याकडेला तासभर बसलो. पलीकडं गुडघाभर ऊस होता, पाटाचं पाणी सुटलं होतं. तिथं मात्र मला राहवलं नाही. मी म्हणालो, दिलशाद, मी त्या दोघांना पत्र लिहून खरं काय ते सांगतो. त्यानं नको म्हणावं अशी माझी मनातनं इच्छा होती. तो मोठ्या मनाचा होता, म्हणालाही असता असं मला वाटलं. त्यानं पाण्याकडं बघत थोडा विचार केला आणि म्हणाला, 'लिही. घाई न्हाई, पण लिही गड्या. मला अजून त्या दोघांशी काम हाय.'

मी लिहिलं नाही. आज लिहू, उद्या लिहू. मग नोकरी लागली, लग्न झालं. मग वाटलं, आता इतक्या दिवसांनी कशाला, विसरले असतील सगळे. विसरायची गरज मला होती, म्हणून मी ती त्यांच्यावर ढकलली. दिलशादची दोन पत्रं आली. एकातही त्यानं आठवण केली नाही. मी उत्तरात पावसापाण्याचं लिहिलं.

हेमिनच्या त्या चार ओळींना मी उत्तर धाडलं, कसं झालं ते विचारलं. त्याचं दुसरं पत्र तीन आठवड्यांपूर्वी आलं. तो आता युरोपात कुठल्याशा गावात निर्वासित म्हणून राहतो. सरबस्त डोंगरात, नव्या पक्षात. एका खिंडीत दोन्ही पक्षांच्या तुकड्या समोरासमोर आल्या होत्या. दिलशाद हत्याराशिवाय दोन्हीकडं जाऊन बोलला. या बाजूला सांगितलं, ते गोळी चालवणार नाहीत, तुम्ही चालवू नका. त्या बाजूलाही तेच. आणि या खेपेला ते खरं होतं, हेमिन लिहितो, दोन्हीकडच्या माणसांनी तसा शब्द दिलेला होता हे मागाहून कळलं. 'पण त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. आमच्याकडं सगळ्यांना माहीत होतं की हा दोघांना दोन गोष्टी सांगतो. मीच सांगितलं होतं त्यांना. तिकडं सरबस्तनं सांगितलं असणार. तुला आठवत असेल, तुझ्याच घरी तर झालं होतं ते.'

हे पत्र घेऊन मी गावी गेलो आणि आबांना सगळं सांगितलं. पहिल्यांदा. आबा आता थकलेत, कानानं कमी ऐकू येतं, म्हणून मला ते मोठ्यानं आणि दोनदा सांगावं लागलं. आई चुलीपुढं होती, तिनंही ऐकलं. मला वाटलं, आबा म्हणतील पोरवयात झालं, जाऊ दे. ते म्हणाले, 'माझी युक्ती बघितलीस, पण मी ती कवा वापरायचो ते न्हाई बघितलंस. दोघं मनातनं आधीच मऊ झाल्याशिवाय मी शब्द काढत न्हवतो. आन मी माझ्या नावानं खोटं बोलायचो. अंगलट आलं तर शिव्या मला बसायच्या.' मग म्हणाले, 'तू दुसऱ्याच्या नावानं बोललास.'

त्याच दिवशी ओट्यावर बसून मी दोन पत्रं लिहिली, एक हेमिनला, एक सरबस्तला. सरबस्तचा पत्ता माझ्याकडं नाही. त्याचंही पत्र हेमिनच्याच पाकिटात घातलं आणि विनवलं, की ते त्याच्यापर्यंत पोचव. पोचवेल की नाही ठाऊक नाही. दोन्ही पत्रांत सुरुवातीला एकच लिहिलं : दिलशाद खोटं बोलला नव्हता, मी बोललो होतो, आणि त्याला ते माहीतही नव्हतं. विश्रामबागेत ज्यांनी त्याला ओळखलं, ज्यांनी त्याला लावालाव्या म्हटलं आणि मला चहा पिताना पाहिलं, त्यांच्यासाठी तेच इथं छापून देतोय.

पाकीट चिकटवण्याआधी आबांनी मला दोन्ही पत्रं मराठीत वाचून दाखवायला लावली. ऐकलं. मान हलवली. मग म्हणाले,

'आन त्याची आई हाय का रं?'

आहे, मी म्हणालो.

'तिच्या कानावर ग्येलं आसंल का, ल्योक खोटारडा म्हनून मेला त्ये?'

 तिचा पत्ता मला माहीत नाही. तिला वाचता येत नाही आणि येत असतं तरी तिची भाषा मला येत नाही. तो माझी भाषा बोलायचा, मी त्याच्या भाषेतला एक शब्द कधी शिकलो नाही. आबांनी वहीतला तिसरा कागद फाडून माझ्यापुढं ठेवला आणि काठी घेऊन रानाकडं निघून गेले. तो कागद मी साताऱ्याला घेऊन आलोय. अजून कोरा आहे.